दाराला टेकू

ताई म्हणाली, "आता मी काही त्या गाडीत पाय ठेवत नाही. विकून टाक."

मागच्या सहलीत ती आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पायरीवर उभी असताना वाऱ्याने दार आपटलं, ते नेमकं तिच्या कोपरावर. कोपर बरं झालं, राग नाही. खुब्याच्या ऑपरेशनपासून ती काठी घेऊन चालते. चढताना एक हात काठीला, दुसरा आधाराच्या दांडीला, मग दार धरायला तिसरा हात आणायचा कुठून? तो तिसरा हात मी होते. त्या दिवशी मी पाणी भरायला गेले होते, एवढंच.

गाडी आम्ही दोघी बहिणींनी मिळून घेतलेली. ताईशिवाय मी एकटी फिरणार नाही, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. म्हणजे दार वळणावर आलं नाही तर गाडी गेलीच. पण मी कसली ऐकतेय. एका सकाळचं काम, मी मनात म्हटलं, आणि पदर खोचला.

कोपऱ्यावरच्या दुकानात मोटारीच्या डिकीचं झाकण वर धरून ठेवतात तसले गॅसचे टेकू होते, कमी जोराचे आणि जास्त जोराचे. दुकानदाराने कमी जोराचा पुढे केला. "मॅडम, दार हलकं असतं, हा पुरे."

"ते तुम्ही वाऱ्याला समजावा," मी म्हटलं आणि जास्त जोराचा उचलला. अर्धवट कामं मला खपत नाहीत.

गाडीचं दार दिसायला भक्कम, पण दोन्हीकडे पातळ पत्रा आणि मध्ये नुसता फोम. तिथे स्क्रू पिळला तर गोल गोल फिरत बसतो. उद्या येतो म्हणणाऱ्या सुतारावर ठेवावा तेवढाच त्याच्यावर भरवसा. म्हणून मी आरपार बोल्ट घातले आणि पलीकडून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दिली. त्याआधी चिकटपट्टीवर खुणा करून, दार चारदा उघडझाप करून, टेकू आतल्या डासांच्या जाळीला घासत नाही ना तेही पाहिलं. ताई अंगणात खुर्ची टाकून बसली होती, बघत नाही असं दाखवत.

"वाकडं लागतंय," ती म्हणाली.

"तुझी मान वाकडी आहे," मी म्हटलं.

लागलं ते अगदी सरळ. दार पूर्ण उघडलं की टेकू ताठ व्हायचा आणि मग मी पाठीने रेटलं तरी दार ढिम्म. मी मोठ्या तोऱ्यात ताईला बोलावलं. ती कुरकुरत आली, काठी टेकत चढली. मी मुद्दाम हात मागे बांधून उभी राहिले. ती दाराशेजारच्या बाकावर बसली, हात लांब करून तिने दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. काठी बाजूला ठेवून तिने पुन्हा जोर लावला. नाहीच.

"छान केलंस," ती म्हणाली. "आता बंद करायला तुला हाक मारायची."

मला ते झोंबलं, कारण खरं होतं. सकाळपासून एवढी खटपट केली, पण दार आतून लावणार कोण, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मीच लावणार, हे मी धरूनच चालले होते.

ती उतरायला लागली. "बस तिथेच," मी म्हटलं. "उतरलीस तर बघ."

दुकानदाराने मला परत आलेली बघितलं आणि काही न विचारता कमी जोराचा टेकू काढून दिला. त्याने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. घरी येऊन मी पहिला टेकू दोन्ही टोकांना उचकटला आणि त्याच जागी दुसरा दाबून बसवला. एव्हाना वारा सुटला होता. दार थरथरलं. पण ते आपली जागा सोडेना.

"आता ओढ," मी खालून म्हटलं.

ताईने बसल्या जागेवरून एका हाताने ओढलं. दार आलं, शहाण्यासारखं आलं, आणि बंद झालं. मग आतून कडी लागली.

मी बाहेर उभी. थोडा वेळ वाट पाहिली, मग टकटक केलं. "ताई, कडी अडकली का?"

"नाही. मी लावली."

"बरं वाटत नाहीये का तुला?"

"उत्तम वाटतंय. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा दार लावून बसलेय. तू तर घरच्या बाथरूमलासुद्धा कडी ठेवली नाहीस."

ती कडी मी काढली होती, ताई आत पडली तर दार फोडावं लागू नये म्हणून. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

"आणि ऐक," ताई आतून म्हणाली, "पुढच्या वेळी गाडी समुद्राकडे तोंड करून लाव. येऊ दे वारा."

"लावते," मी म्हटलं. पायरीवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि बाथरूमची ती कडी कुठे ठेवलीय, ते शोधायला घरात गेले.