घरटी माणूस

उधाणाने बांधाला भगदाड पाडलं तो नेमका रविवार होता, आणि सगुणा सकाळपासून मोबाइल उराशी धरून बसली होती. तिची भाविका नौदलात अग्निवीर म्हणून भरती झालेली. ट्रेनिंगला असलेल्या मुलींना घरी फोन करू देतात तो फक्त रविवारी. मागच्या रविवारी पोरगी हुंदके देत एवढंच म्हणाली होती, "आई, मना घेऊन जा," आणि फोन कट. आठवडाभर सगुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्यात फोन स्पीकरवर होता, त्यामुळे ते वाक्य आता आळीभर पाठ झालं होतं.

धाकटा दीर चांगदेव तर रोज दारात येऊन ऐकवायचा. "बोलवा तिला परत, वयनी. नेवीत पोरी टिकतात काय? लग्नाला स्थल चांगला हाय, हातचा जाईल."

"ती सांगल तवा बोलवीन, भावजी. तुमी सांगाल तवा न्हाय."

खाडीचं खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भात विसरायचं. म्हणून गावाचा रिवाज साधा: बांध फुटला की घरटी एक माणूस चिखलात. माणूस म्हणजे बाप्या, हे कुणी वेगळं सांगत नसे. बायांनी काठावर चहा आणायचा. सगुणाचा नवरा रावजी कंटेनर घेऊन गुजरातला गेलेला.

"तुमच्या घराचा खाडा धरत न्हाय, वयनी. घरी बसा," चांगदेव मोठ्या मनाने म्हणाला.

मोठं मन म्हणे! सगुणाने साडी खोचली, मोबाइल चहाची किटली घेऊन आलेल्या म्हाताऱ्या येसूबाईच्या हाती दिला आणि कमरभर पाण्यात, चांगदेवच्या शेजारी रांगेत जाऊन उभी राहिली.

चिखलाचे गोळे हातोहात भगदाडाकडे जात होते. चांगदेव आपला गोळा तिला ओलांडून पलीकडच्या निकेशला द्यायचा. एक तिने मधेच हिसकावला. "मी काय खांब हाय?" त्यानंतर तो तिलाच देऊ लागला, पण लिंबाएवढे.

पाणी चढत होतं. तेवढ्यात येसूबाई ओरडली, "सगुने, वाजतंय गो!"

सगुणाचा जीव काठाकडे धावला, पाय मात्र जागचे हलले नाहीत. जागा सोडली तर रांग तुटणार, आणि मग सगळा गाव म्हणणार, बाईमाणूस ते बाईमाणूसच.

"स्पीकरवर लाव!"

"सगल्यांसमोर?"

"सगल्यांसमोर. मागं रडली ती ऐकलात ना? आता पन ऐका."

म्हणाली खरी, पण पोरगी पुन्हा तेच म्हणाली तर? येसूबाईने पुढे येऊन फोन उंच धरला.

"आई, आवाज कसला त्यो?" भाविकाचा आवाज थकलेला होता.

"बांद फुटलाय."

"आपल्या घरचा कोन गेलाय? बाबा आयलं?"

"मी हाय चिकलात."

चांगदेवला राहवलं नाही. "भाविका, तिकीट काढतो, ये पोरी—"

"काका, थांबा. आई, तुला उभी ऱ्हाऊ दिली त्यांनी?"

"कोन देतंय? मी ऱ्हायली."

भाविका हसली. रडतही असावी. "मी आज मॅडमला सांगनार व्हती, मना घरी पाठवा."

सगुणाने डोळे मिटले. सगळी रांग कान देऊन होती.

"आता न्हाय सांगत. तू तिथून निगली न्हायस, मंग मी कशाला निगू?"

फोन कट झाला. तिची वेळ संपली असेल.

सगुणाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात कोपरापर्यंत चिखलाचे, पुसायची सोय नव्हती. तिने तोंडही वळवलं नाही. सगळ्यांदेखत तशीच रडत तिने चांगदेवपुढे हात केले.

"लिंबं नको, भावजी. पुरा गोला द्या."