शिक्षेची खुर्ची

मी एक बुटकी लाकडी खुर्ची बोलतेय. सुतारानं मला उरल्यासुरल्या फळ्यांतून ठोकून काढलं, त्यामुळे माझा एक पाय जरा तोकडा आहे. तक्रार नाही, आपलं सांगून ठेवते.

मला विकत घेतलं घरीच शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. त्यांची लेक तीन वर्षांची. घरात सगळे तिला फौजदार म्हणत. 'नाही' हा तिचा आवडता शब्द आणि दिवसभर तिला तेवढा एकच पुरायचा.

आजीनं रागावून पाहिलं, बाबांनी खाऊची लालूच दाखवली. फौजदार ढिम्म. मग शेजारणीनं सुचवलं, खोडी केली की खुर्चीत बसवा. पोर नजरेसमोर राहावी म्हणून बाईंनी मला शिलाई मशीनला खेटून ठेवलं.

खोड्या कमी व्हायच्या सोडून वाढल्याच. दोऱ्याची रिळं उलगडली, बसवलं. गिऱ्हाइकाच्या नव्या कोटावर खडूनं रेघोट्या ओढल्या, बसवलं. माझ्यावर बसली की मात्र अगदी गुणाची. मशीनचं चाक बघायची, आईचे हात बघायची, पाय हलवत राहायची. मला काय ते कळलं होतं, पण खुर्चीला कोण विचारतंय?

एके दिवशी तिनं कापून ठेवलेल्या बाहीवर कात्री चालवली. बाई रडकुंडीला आल्या.

"हिला थोडे दिवस ताईकडे ठेवू या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्याच्यानं नाही होत आता."

सकाळी तिच्या कपड्यांची पिशवी दाराशी तयार होती. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात फौजदार आली आणि कुणी न सांगता माझ्यावर बसली.

"आता काय करून आलीस?" बाईंनी मान वर न करताच विचारलं.

"काही नाही."

"मग इथं कशाला बसलीस?"

ती विचारात पडली. मग हळूच उठली. "थांब हं, करून येते."

मशीन थांबलं. बाईंनी तिला ओढून मांडीवर घेतलं. बराच वेळ त्यांनी काहीच शिवलं नाही. पिशवीतले कपडे त्याच दुपारी कपाटात परत गेले.

आता बाई काम सुरू करतानाच हाक मारतात, "ये गं, बस इथं." हट्ट पार गेला असं नाही. कालच तिनं मुद्दाम दूध सांडलं. बाईंनी तिच्या हातात फडकं दिलं, एक आपण घेतलं आणि दोघींनी मिळून फरशी पुसली.

विनंती एवढीच, मला शिक्षेची खुर्ची म्हणू नका. आणि पाठीचा खिळा सैल झालाय, तेवढा ठोकून घ्या. पोर रोज बसते.