गोड्या पाण्याची गळती

पाणी म्हटलं की डोंगरातल्या, धो धो पावसाच्या आंबोलीच्या माणसाची मान आपोआप वर जाते. गौरजा त्याच आंबोलीची. त्यामुळे समुद्रकाठच्या देवबागला सून म्हणून आल्यावर पायाशी येणाऱ्या पाण्याशी जमवून घ्यायला तिला जरा वेळ लागला. पण जमवलं ते असं, की गावातल्या पुरुषांनी तोंडात बोटं घातली. ती पोहायला शिकली, पाण्यावरची स्कूटर चालवायला शिकली, आणि यंदा गणपती झाल्यावर तिने एक जुनी पण धडधाकट स्कूटर घरीच आणली. पाहुण्यांना मागे बसवून खाडी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत फिरवून आणायचं, असा तिचा बेत होता. नवरा पुष्कर घरातल्या होमस्टेचं बघणार आणि ही समुद्राचं.

सासरे बाबली एवढंच म्हणाले, की ह्या खेळणा आसा, होडी न्हय. म्हणाले आणि रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, निघून गेले. जन्मभर लाकडी होडी वल्हवलेला माणूस. ती होडी कुजून गेल्यापासून ते पहाटे उठून दुसऱ्यांच्या रापणीचे दोर ओढायला जायचे आणि जेवणाच्या वेळी परतायचे. भांडले असते तर गौरजाने समजूत काढली असती, पण न बोलणाऱ्याची समजूत काढायची तरी कशी? हे खेळणं कधी बुडतं याचीच म्हातारा वाट बघतोय, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

आणि स्कूटरनेही लगेच तसा रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी पाण्यात लोटण्याआधी मागची दोन बुचं उघडायची, पोटात काही साचलं असेल ते वाहू द्यायचं, हा तिचा नेम. पहिले काही दिवस चार थेंब आले. मग एके सकाळी बुचं उघडली तर भळाभळा पाणी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पोटात पाणी राहिलं की स्कूटर जड होते, वळताना झोकांड्या खाते, आणि पाणी इंजिनापर्यंत चढलं तर भर खाडीत बंद पडते. सोमवारी बंदर कार्यालयाचे निरीक्षक तपासणीला यायचे होते. त्यांना आत पाणी दिसलं की परवाना गेला, आणि परवान्यासोबत सगळा हंगाम गेला. त्यातून गौरजाने पुष्करला बजावून ठेवलं होतं, की बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये.

मालवणहून निलेश मेकॅनिक आला. त्याने बुचांची रबरं बदलली, सांधे नव्याने बुजवले, पंपाकडचं सील तपासलं. हे सगळं बाबली रापणीवर असताना, चोरीचा मामला असल्यासारखं. पाणी मात्र रोज हजर. शेवटी शनिवारी संध्याकाळी निलेशने पोट फडक्याने कोरडं ठाक पुसून घेतलं आणि स्कूटर ट्रॉलीवर चढवून अंगणात माडाखाली ठेवायला सांगितलं. समुद्राचा संबंधच नको.

रविवारी सकाळी बुचं उघडली, तर पाणी. अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरमध्ये!

निलेशने हात टेकले. पुष्करचा संशय शेजारच्या बोटवाल्यांवर गेला. गौरजाने मात्र बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोडं होतं. कोण वैरी एवढा दयाळू असतो, की नुकसान करायला येताना खारं सोडून गोडं पाणी आणील?

सोमवारी तांबडं फुटायच्या आत ती पडवीत खांबाआड उभी राहिली. घराचं मागचं दार वाजलं. बाबली विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन आले, सराईतपणे सीट वर उचललं, आणि झाडाला पाणी घालावं तसं हळूहळू आत ओतू लागले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा.

"बाबा, तुमी ह्या काय करतास?"

बाबली दचकलेसुद्धा नाहीत. "पाणी घालतंय. उनात होडी सुकली काय फळये आकसतत, फटी पडतत. पाण्यान लाकूड फुगता. खारा नाय हां घालूक. आत इंजन आसा, म्हणान बावीचा घालतंय."

लाकडी होडी किनाऱ्यावर उभी राहिली की तिच्या पोटात पाणी भरून ठेवतात, हे देवबागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या आंबोलीकरणीला.

"पण मी ता रोज काढतंय!"

"काढूकच होया. तू शिळा काढतस, मी ताजा घालतंय. माका वाटला, डोंगरातली असान हिका बरा ठावक आसा." त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं.

गौरजाने मग सगळं सांगितलं. ही फायबरची, हिला फळ्याच नाहीत, ही पाणी पीत नाही, आणि आज परीक्षा आहे. बाबली ट्रॉलीच्या दांड्यावर मटकन बसले. मग आपल्याला कोणी सांगितलं का नाही, एवढंच त्यांनी विचारलं.

"तुमका ही नको होती, म्हणान."

म्हाताऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिला साधा हिशेब येत नाही. "नको असलेल्या होडयेक पाणी कोण घालता गो?"

गौरजाला रडू आलं, आणि रडतारडता हसू आलं. इतके दिवस तिने ज्या माणसाची धास्ती घेतली होती, तो रोज पहाटे तिच्यासाठी विहीर उपसत होता. तिने पदर खोचला, बुचं उघडली, आणि दोघांनी मिळून पोट पुसून काढलं.

त्या दिवशी बाबली रापणीवर गेले नाहीत. निरीक्षक आले आणि आत पाणी शिरतं का, असं त्यांनी विचारलं. गौरजा तोंड उघडणार, तेवढ्यात बाबलींनी आपली ठेवणीतली कचेरीतली मराठी बाहेर काढली.

"शिरत नाही साहेब. मी घालीत होतो. आता बंद केलं."

पुष्कर माडाचे नारळ मोजू लागला. निरीक्षकांना सगळी हकिगत सांगावी लागली, आणि ती ऐकून ते इतके हसले की टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. तपासणीत मात्र त्यांनी काही सूट दिली नाही. गौरजाला संगमापर्यंत दोन फेऱ्या मारायला लावल्या, स्कूटर वाळूवर घेतली आणि स्वतः वाकून बुचं उघडली. चार थेंब पडले. गौरजाचा जीव भांड्यात पडला. परवाना मिळाला.

संध्याकाळी बाबली स्कूटरपाशी घुटमळत होते. सीट उचलून त्यांनी आत हात फिरवला. कोरडं होतं.

"तुजा खरा असात," ते म्हणाले, "पण अशी सुकी ठेवली काय तानेली ठेवल्यासारखी वाटता माका."

तहानेलं कोणाला ठेवू नये, हे गौरजाला अगदी पटलं. तिने सांगितलं, की समुद्रातून आल्यावर हिला बाहेरून गोड्या पाण्याने धुवायलाच लागतं, नाहीतर मीठ बसतं. आणि ते काम रोज करायला घरात भरवशाचं माणूस हवंच आहे.

बाबलींची कळी खुलली. कळशी घेऊन ते लगबगीने विहिरीकडे गेले. येऊन त्यांनी स्कूटरवर पाणी ओतलं, ती चोळून चोळून धुतली, पुन्हा ओतलं. गौरजा मात्र सगळा वेळ सीटवर घट्ट बसून होती, खबरदारी म्हणून.