पुरिताबाईंचा नंबर

श्वसनरोगाच्या साथी आल्या तर देशाने काय करायचं, याचा दोनशे बारा पानी आराखडा होता आणि त्यातल्या पहिल्याच पानावर पुरिताबाईंचा मोबाईल नंबर होता. टाइप करताना जागा रिकामी दिसते म्हणून त्यांनी आपला टाकला होता. तात्पुरता!

साथसज्जता कक्षातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मनिलाच्या गल्लीत त्या आता साखरेत घोळवलेली केळी तळून विकायच्या. नंबर मात्र तिथेच. पालावान बेटावर लेकीकडे नातीचं बारसं होतं. बोटीने दीड दिवस, मध्ये सिग्नल शून्य. विमानाची तर त्यांना भीती, नावही नको! आणि नेमका तेव्हाच फोन वाजला तर?

त्या कक्षात, आपल्या जागी आलेल्या एडसेलकडे गेल्या.

"एडसेल, बाळा, काढ ना माझा नंबर."

"मॅम, आराखडा बदलायचा तर तो मूल्यमापनात नापास व्हायला लागतो," एडसेल म्हणाला. "मंगळवारी परदेशी तपासनीस फोन करतील. तुम्ही जरा चुका की!"

"चुकते! त्यात काय मोठं!"

मंगळवारी कढई तापली होती. फोन वाजला. बाईंनी मुद्दाम पाच वेळा वाजू दिला. मग उचलून खडूसपणे म्हणाल्या, "कोण पाहिजे?"

"एका शाळेत अकरा मुलं तापाने फणफणलीत," पलीकडून आवाज आला. "दोघांना श्वास घेता येत नाही. काय कराल?"

बाईंनी 'मला काय माहीत' म्हणायला तोंड उघडलं. पण ती दोन मुलं! त्यांच्या डोळ्यांसमोर चक्क उभीच राहिली.

"आधी त्या दोघांना ऑक्सिजन! बाकीच्यांना वेगळ्या खोलीत, खिडक्या सताड उघड्या! नमुने आजच पाठवा. आणि घरच्यांची यादी कुठाय? अजून केली नाहीत? मग फोन कसले करत बसलात?"

शंभरपैकी शंभर.

"अहो, पण मी निवृत्त आहे!" बाई ओरडल्या.

"त्यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही, मॅडम."

अहवालात एकच उणीव निघाली : 'फोनवर सतत चरचर ऐकू येते.' ती केळ्यांची, हे तपासनिसांना कोण सांगणार! कक्षाने तातडीने बाईंना त्याच नंबरचा, थेट उपग्रहाशी बोलणारा फोन पाठवला. भर समुद्रातही चालणारा!

बाईंनी कढई पालथी घातली आणि तिकीट काढलं. देशाची अख्खी तयारी पिशवीत, नातीच्या झबल्याखाली ठेवून त्या बोटीत चढल्या.

किनारा दिसेनासा झाला आणि फोन खणखणला.

"हॅलो! मी कक्षात नवीन आहे, मॅम. एडसेल सर रजेवर आहेत. साथ आली तर कोणाला कळवायचं असतं?"

"आराखड्यात नंबर दिलाय बघ पहिल्या पानावर. तो लाव."

"तोच लावलाय, मॅम."