न धुतलेला स्वेटर

मी एक स्वेटर आहे. राखाडी, लोकरीचा, पुढून बटणांचा. एका सशाचा जीव माझ्यापायी गेला. मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. पोटात ठेवून ठेवून वीण जड झाली आहे.

मला आईने विणलं, थोरल्या मुलीसाठी. माप घेताना ती सारखी म्हणायची, "सरळ उभी राहा गं बाई. तू हललीस की बाही दोन बोटं वाढते." मुलगी हलायचीच. म्हणून माझी डावी बाही लांब झाली. आई उसवायला निघाली तर मुलगी म्हणाली, "राहू दे. गरम पातेलं धरायला बरी." आणि खरंच त्या बाहीने पातेली उतरवायची.

तिचा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणतो. भाऊ धाकटा. सातवीत त्याचं आणि शाळेचं फाटलं, तेव्हापासून कोपऱ्यावरच्या लाँड्रीत कपडे धुतो. मनाने साफ, पण आधी करणार आणि मग विचार करणार. ताई म्हणायची, "याचे हात पुढे धावतात, डोकं मागून धापा टाकत येतं."

ससा ताईनेच आणला. शेजारचे लोक घर सोडून निघाले होते आणि त्याला जिन्याखाली ठेवून जाणार होते. हिने उचलला, माझ्या आत घातला, बटणं लावली आणि घरी घेऊन आली. पांढरा, म्हणून कापशा.

संध्याकाळी कामावरून आली की ताई त्याला मांडीवर घेऊन ब्रश करायची. निघालेले केस सगळे माझ्यावर. धाकटा चिडवायचा, "ताई, तू स्वेटर घातलायस की ससा?"

"दोन्ही. तुला काय?"

आतून आई ओरडायची, "ताटात एक जरी केस आला ना, तर ते ताट दोघांपुढे सरकवीन!"

माझे चांगले दिवस म्हणजे एवढेच.

ताईला ताप आला. दवाखान्यात न्यायच्या दिवशी ती म्हणाली, "स्वेटर नको, उकडतंय." मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं. अकराव्या दिवशी आई आणि धाकटा परत आले. दोघंच.

मला कुणी हात लावला नाही. कापशाने खाणं सोडलं. गवत तसंच, पाणी तसंच. तिसऱ्या दिवशी धाकट्याने मला उचललं आणि त्याच्या खोक्यात अंथरलं. कापशा माझ्यावर बसला, हनुवटी टेकवली आणि थोड्या वेळाने एक काडी चावली. त्या दिवसापासून मी त्याचं अंथरूण झालो.

आणि धाकट्याचंही काहीतरी झालो. कामावर जायच्या आधी तो खोक्याशी बसायचा, कापशाला बाजूला सारायचा, माझ्या गळपट्टीत नाक खुपसायचा. तिथे ताई होती. तिचं केसांचं तेल, तिचा घाम, मानेची ऊब. तो एकच श्वास घ्यायचा. दुसरा घेतला तर संपेल, अशी भीती असायची त्याला. मला कळायचं.

महिनाभराने कापशाच्या मानेमागे कोंडा दिसायला लागला. ब्रश करणारं कुणी उरलं नव्हतं. मग केसांचे पुंजके निघू लागले. धाकटा आईला म्हणाला, "तोपण झुरतोय गं." आई म्हणाली, "झुरून केस गळत असते तर मी टकली झाले असते. डॉक्टरकडे ने." तरी तो नेईना. मग एका सकाळी तो कोंडा त्याच्या डोळ्यांसमोर हलला.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कापशाच्या पाठीवर चिकटपट्टी दाबली, काढली आणि भिंगाखाली धरली. मी खोक्यात होतो, सगळं ऐकत.

"हा कोंडा नाही रे. किडे आहेत, डोळ्यांना न दिसणारे. कोंडा ढकलत फिरतात. आणि तुझ्या हातावर हे लाल काय?"

"डास."

"डास नव्हे, हेच. इंजेक्शन देते, दर दोन आठवड्यांनी एक, तीन वेळा. अंगावरचे मरतील. पण काही अंथरुणात लपून राहतात, तिथून परत अंगावर चढतात. हा स्वेटर उकळत्या पाण्यात धू, नाहीतर टाकून दे. खोकंही बदल."

धाकट्याने खोक्यात हात घालून माझी लांब बाही मुठीत धरली.

"आणि काही झालं तरी सशाला आंघोळ घालू नकोस. भिजला की गारठतो, घाबरून जीवही सोडतो. बाकी धुण्याचं तुला मी काय सांगायचं? तुझं कामच ते."

खोकं त्याने बदललं. मला मात्र कपाटात ठेवलं. दोन दिवस कापशा नव्या खोक्याच्या कोपऱ्यात तोंड घालून बसला, काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मी परत त्याच्या पोटाखाली.

एकदा धाकटा मला लाँड्रीत घेऊन गेला. मोठ्या टाकीत पाणी खदखदत होतं. दोन्ही खांद्यांना धरून त्याने मला वाफेवर धरलं. मी मनात म्हणत होतो, टाक. सोड हात. माझ्या टाक्याटाक्यात ते किडे वळवळत होते आणि मला एकही झटकता येत नव्हता.

लाँड्रीचे मालक इस्त्री करता करता म्हणाले, "काय रे, फाशी देतोयस का त्याला? टाक की आत."

"हा गिऱ्हाइकाचा नाही."

"मग कुणाचा?"

त्याने माझी घडी केली आणि शर्टाच्या आत घातलं. तिथेही त्याला लाल पुरळ उठलं.

दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी त्याने मला घरीच ठेवलं. परत आल्यावर कापशाला सांगत होता, "बाईंनी विचारलं, स्वेटर धुतलास का. मी म्हटलं, धुतला. तू सांगू नकोस हं." आठ दिवस कापशा बरा दिसला. मग पुन्हा मान, मग खांदे, मग पाठ. खाजवून खाजवून कातडी लाल झाली, खपल्या धरल्या, त्या माझ्या लोकरीला चिकटायच्या आणि तो उठला की सोलून निघायच्या. ज्याने त्याला जगवलं, तोच मी त्याला सोलत होतो.

सुट्टीच्या दिवशी, दुपारी, आई बाहेर गेली असताना धाकट्याच्या डोक्यात विचार आला. खरं तर हातातच आला. घाण कापशाच्या अंगावर आहे. ती एकदाची धुऊन काढली, तर स्वेटर कशाला धुवायचा?

त्याने टब काढला. पाणी कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं. लोकरीच्या कपड्यांची सौम्य पावडर विरघळवली. महागड्या शालीला जसं जपून बुडवतात, तसं कापशाला बुडवलं. एवढं नीट तो कुणाचंच काही धूत नसेल.

ससे ओरडत नाहीत. कापशा एकदा ओरडला.

बाहेर काढला तेव्हा तो निम्मा झाला होता. धाकट्याने टॉवेलने पुसला, फुंकर मारली, मग घाईघाईने मला ओढलं आणि त्याच्याभोवती गुंडाळलं. "झालं रे, झालं, आता ऊब येईल." माझ्या आत त्याचं काळीज शिवणयंत्रासारखं चाललं होतं. मग टाके चुकायला लागले. मग एक मोठी जागा रिकामी गेली, आणि पुढे शिवण नव्हतीच.

तो मला छातीशी धरून डॉक्टरीणबाईंकडे धावला. त्यांनी कापशाला हात लावला, मग बोटं हुंगली. साबणाचा वास आला.

"मी स्वेटर धुवायला सांगितला होता."

"स्वेटर धुतला असता तर ताई गेली असती, बाई."

बाई रागावणार होत्या. रागावल्या नाहीत. बसायला स्टूल पुढे केलं.

घरी आल्यावर, उजेड असेपर्यंत, त्याने अंगणाच्या कडेला खड्डा खणला. मग मोठं पातेलं ठेवलं, पाणी उकळवलं आणि मला आत सोडलं. आता जपण्यासारखं माझ्यात काही उरलं नव्हतं. ओल्या सशाने आणि पावडरीने ते आधीच नेलं होतं. मी आटलो, आखडलो. आता सात वर्षांच्या पोराला येईन एवढाच उरलो आहे.

सकाळी आई दोरीपाशी आली. तिने मला खाली ओढलं, गळपट्टी नाकाशी धरली. बराच वेळ. मग उलटं करून आतून हुंगलं.

"काहीच येत नाही रे."

धाकटा दारात उभा होता. "तू कधी घेत होतीस वास?"

"नाही. एकदाही नाही. तुझ्यासाठी ठेवला होता. म्हटलं, तू थोडा सावरलास की मागून घेईन."

तो आला, माझं दुसरं टोक धरून उभा राहिला. इतका स्वच्छ मी कधीच नव्हतो.

तुमच्या घरी माझ्यासारखं काही असेल, तर धुऊन टाका. त्यात माणूस राहत नाही. किडे राहतात, आणि ते जिवंताला खातात. फक्त पाण्यात टाकायच्या आधी घरातल्या सगळ्यांना बोलवा. जे काही मागत नाहीत, त्यांनाही.