राखणदाराच्या दारातला टॉवर

"मामा, नारळ तुमी फोडला आन् बाजार तिकडं मुंबैत हालला!"

गाडी अंगणात लावता लावता विक्रम ओरडला. रवळूच्या बहिणीचा हा मुलगा कंग्राळीचा. नोकरी शहरातल्या कारखान्यात आणि जीव शेअर बाजारात. रवळू दोर वळत बसला होता. त्याला वाटलं, भाच्याला वाटेत ऊन लागलं असणार.

पण गोष्ट खरी होती. जांबोटीच्या पुढं, रानातल्या या वाडीत रवळूच्या भाताच्या खाचराला लागून मोबाइलचा एक टॉवर होता. कंपनीचा धंदा बसला तेव्हापासून तो मुका. त्याच्या कुंपणाला खेटून राखणदाराचा, वाडी राखणाऱ्या देवाचा धोंडा. वर्षातून एकदा त्याला राखण, म्हणजे नारळाचा मान द्यायचा ही वाडवडिलांची चाल. यंदा रवळूनं जागा झाडली, शेंदूर लावला, नारळ फोडला आणि झेंडूची एक माळ उरली ती टॉवरच्या पायाला घातली. जेवायला आलेल्या विक्रमनं त्याचा फोटो काढला आणि घरी जाऊन शेअरवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, टॉवरची पूजा झाली.

"मी येवढंच लिवलं, मामा. बाकीचं लोकांनी लिवलं. म्हनं कंपनीचा लहरींचा परवाना मोठं गिऱ्हाईक घेतंय, टॉवर परत चालू व्हनार. शेअर नुसत्या उड्या मारालता!"

"लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला," खाटेवरून मालुबाई म्हणाली. रवळूची ही बायको; घसरून पडल्यापासून तिचा पाय प्लास्टरात होता. "आन् लहरी म्हंजे रं काय?"

"मामी, बोलनं हवेतनं जातंय न्हवं, त्येच्या वाटा. सरकार त्या लिलावात देतंय. घेनाऱ्याला त्या दुसऱ्याला इकायच्या असल्या तर परत सरकारची परवानगी लागती."

रवळूचे हात थांबले. त्यानं मान वर केली. खाचराचा बांध वीतभर सरकला तर भाऊबंद कोर्टात जातात. आणि इथं डोक्यावरच्या मोकळ्या आभाळात वाटा आखलेल्या होत्या, त्यांना मालक होते, राखणारं सरकार होतं, आणि डोळ्यांना दिसत होती फक्त एक घार!

"मग टॉवर कवा लागनार?" त्यानं विचारलं.

त्याला तेवढंच हवं होतं. त्यांची एकुलती लेक नीलम पुण्यात बाळंत झाली होती. मुलगी झाल्याचा निरोप बसवाल्यानं आणला. वाडीत फोन लागत नसे. लागायचा तो टेकावरच्या कातळावर. तिथं जाऊन रवळू लेकीशी बोलून आला होता. मालुबाईनं मात्र नातीचा आवाज अजून ऐकला नव्हता.

विक्रम ओट्यावर बसला. "न्हाय लागनार, मामा. सरकारनं परवानगी दिली न्हाय. सकाळी बातमी आली आन् शेअर दाणदिशी खाली. माजं बी गेलं त्यात. फुडच्या खेपेला राखण दुसरीकडं द्या बगा."

"राखणदार काय कंपनीचा नोकर हाय व्हय? त्यो हितलाच. टॉवर त्येच्या दारात आलाय."

टॉवर लागणार ही आवई वाडीपर्यंतही आली होती. मालुबाईनं शेजारणीकडून मोबाइल चार्ज करून उशाशी ठेवला होता. तो तिनं पदरानं पुसला आणि उशीखाली सारला.

विक्रमला ते बघवलं नाही. तो उठला आणि पडवीतली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. रवळूनं दोन बांबू काढले, नवा वळलेला दोर खुर्चीला आवळून बांधला. दोघांनी मालुबाईला उचललं आणि टेकाडाची वाट धरली.

"पाडशिला रं, मुडद्यांनो!" ती अख्ख्या वाटेवर ओरडत होती.

कातळावर पोचताच विक्रमच्या फोनला रेंज आली आणि बाजाराचे निरोप टणाटण पडू लागले. त्यानं ते बाजूला सारले, नीलमला फोन लावला आणि मामीच्या कानाशी धरला.

"आई?" नीलम म्हणाली. आणि तिच्यामागून टाहो फुटला.

मालुबाईचं तोंड उघडंच राहिलं. "अवं," ती कशीबशी म्हणाली, "रडालीय बगा."

फोन पुन्हा किणकिणला. निरोप बघायला विक्रमनं मान वाकडी केली.

"गप कर त्येला," मालुबाई म्हणाली. "माजी नात बोलालीय."

रवळूनं आभाळाकडं पाहिलं. कुणाच्या मालकीच्या वाटेनं ते रडणं एवढे डोंगर ओलांडून आलं, कोण जाणे. त्यानं पायांतल्या वहाणा काढल्या आणि कातळाच्या कडेला नीट ठेवल्या.