मोटरीला वाळ्याचा पडदा

"मालक, तो पडदा काढू द्या मले. तिले हवाच लागून नाई राहिली," अब्दुल रहीमने तिसऱ्यांदा सांगितले आणि खुशालरावांनी तिसऱ्यांदा ते कानाआड केले.

बोरगावच्या पुढे मोटर बंद पडली होती. सत्तावन्न सालचा मे महिना, दुपारचे बारा. अशा वेळी अकोल्यातली शहाणी माणसे दारे-खिडक्या लावून, वाळ्याचे पडदे भिजवून घरात बसतात. खुशालरावांनी हाच न्याय मोटरीला लावला होता. इंजिनाला लू लागू नये म्हणून त्यांनी पुढच्या जाळीवर स्वतःच्या हाताने वाळ्याचा पडदा बांधला होता. शिवाय बॉनेटखाली एक कांदा. ज्या जाळीतून वारा जाऊन इंजिन निवायचे तीच बुजवल्यावर दुसरे काय होणार? पण मालकाला हे कितीदा सांगितले तरी काय उपयोग.

रहीम नऊ वर्षे ही मोटर चालवत होता. पहाटे निघू, नऊच्या आत अमरावती गाठू, असे तो आठ दिवस कानीकपाळी ओरडत होता. मुलीचा, शकुनचा, साखरपुडा ठरवायला जायचे होते. व्याही भगवंतरावांकडे दोनला बैठक होती. म्हणून अंघोळ, पूजा, साग्रसंगीत जेवण आणि साडेअकराला प्रस्थान. आज व्याह्यांसमोर फजिती झाली तर चावी ठेवून चालते व्हायचे, असेही मालकांनी बजावले होते. रहीम पेट्रोल विकतो आणि टाकीत घासलेट ओततो, हे त्यांच्या डोक्यात गेल्या उन्हाळ्यापासून पक्के बसले होते. रहीमने नऊ वर्षांत थेंबही विकला नव्हता.

"घासलेट नाई, मालक. गरमीनं नळीतल्या नळीतच पेट्रोलची वाफ होते. पंपात वाफच येते, पेट्रोल येतच नाई."

"पेट्रोल का चा आहे, उकळाले?"

रहीमने लूपासून डोके-कान झाकायला गुंडाळलेले फडके सोडले आणि पाणी मागितले. प्यायचे पाणी यंत्रावर ओतायचे नसते, असे खुशालराव म्हणाले. मागे बसलेल्या त्यांच्या पत्नी सुंदराबाईंनी सुरई पुढे केली. ओले फडके पंपाभोवती बांधून, मालकाला न विचारता पडदा सोडून, रहीम पाव तास थांबला. मोटर सुरू झाली.

मूर्तिजापूरला चहासाठी थांबले तेव्हा खुशालरावांनी पडदा पुन्हा भिजवून बांधला. मघाशी तो वाळला होता म्हणूनच घोटाळा झाला, असा त्यांचा निकाल. बडनेऱ्याच्या अलीकडे मोटर पुन्हा बसली ती तासभर.

ते पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. मुहूर्त टळला होता, चार वडीलधारी माणसे वाट पाहून घरी गेली होती. यापेक्षा बैलगाडी बरी, असे भगवंतराव हसत म्हणाले, आणि खुशालरावांना ते फार लागले. त्यांनी अंगणातच चावीसाठी रहीमपुढे हात केला. रहीमने चावी दिली.

मग त्याने रांजणाजवळ जाऊन फडके पुन्हा भिजवले, पंपाला गुंडाळले आणि वाळ्याचा पडदा काढून ओसरीवर ठेवला. भगवंतरावांचा ड्रायव्हर सूर्यभान मोटर अकोल्याला नेणार होता. रहीम त्याला एवढेच म्हणाला, "हे सुकू देऊ नको, भाऊ." सुंदराबाईंना मान लववून तो निघाला.

थोड्या वेळाने सूर्यभानने मोटर चालू करून पाहिली. पहिल्याच झटक्यात सुरू झाली, आणि आवाजही मोकळा. खुशालरावांचा चेहरा उजळला. पाहा, हात बदलला की कशी चालते, असे ते व्याह्यांना सांगू लागले.

"पेट्रोल तं तेच आहे न जी?" सुंदराबाई म्हणाल्या. "सकाळी भरलं तेच. मंग घासलेट कुठी गेलं?"

खुशालराव मोटरीजवळ गेले. उघड्या बॉनेटखाली रहीमचे फडके ठिबकत होते. फाटकाबाहेर ऊन अजून कडक होते, आणि रहीम उघड्या डोक्याने, दोन्ही कानांवर हात धरून स्टेशनच्या रस्त्याने चालला होता.